केजीएफला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

बेंगळुरूला राहायला आल्यापासून माझ्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की दोन प्रश्न ठरलेले, म्हैसूर किती लांब, कूर्गला कधी जायचं आणि 'केजीएफ' सिनेमा आल्यापासून तिसरा, "ते केजीएफ खरंच आहे का रे?" आहे. केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, सोन्याच्या बंद पडलेल्या खाणींचं गाव, बेंगळुरूपासून साधारण 100 किमी, कोलार जिल्ह्यात. मी आतापर्यंत पाच-सहा वेळा जाऊन आलोय, पहिल्यांदा पूर्ण फसलो होतो, त्यामुळे नवीन माणसाने कसं जायचं ते एकदाच नीट लिहून टाकतो म्हणजे प्रत्येकाला वेगळं व्हॉट्सअॅप करत बसायला नको.

सगळ्यात पहिली गोष्ट, खाणीत उतरता येत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. 28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या आणि नंतर खाली पाणी भरलं. तिकीट काढून हेल्मेट घालून लिफ्टने खाली जायचं असलं काही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गेटवर जाऊन सरळ विचारलं होतं की एंट्री कुठून आहे, वॉचमनने माझ्याकडे असं बघितलं की मी लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन भाजीचा भाव विचारलाय. आणि सिनेमातलं काळं-करडं धुळीचं जग डोक्यात घेऊन जाणार असाल तर तेही घरी ठेवून जा, कारण तिथे गाव आहे. शाळा, चर्च, देवळं, बाजार, रिटायर झालेली माणसं, सकाळी डबा घेऊन ट्रेन पकडणारी पोरं. आपण दुसऱ्याच्या गावात चाललोय असं समजून गेलात तर मजा येईल, सेट बघायला गेलात तर तासाभरात कंटाळाल.

दुसरी गोष्ट, थोडा इतिहास वाचून जा, नाहीतर सगळं म्हणजे गंजलेलं लोखंड आणि पांढरट टेकड्या एवढंच दिसतं. मी इथे थोडक्यात देतो. 1802 च्या सुमारास जॉन वॉरन नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटच्या कानावर आलं की इकडची गावकरी मंडळी माती धुवून सोनं काढतात, त्याने तपास करून लिहूनही ठेवलं, पण पुढे फार काही झालं नाही. मग 1870 नंतर मायकल लाव्हेल नावाचा आयरिश माजी सैनिक ते जुनं लिखाण वाचून बैलगाडीने इकडे आला आणि म्हैसूर सरकारकडून खोदायचा परवाना मिळवला (बेंगळुरूचा लाव्हेल रोड तो हाच, तिथे कॉफी प्यायला बसाल तेव्हा आठवा). त्याच्याकडे पैसा पुरला नाही, आणि 1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने खरी खाणकामं उभी केली. पुढची 120 वर्षं सोनं निघत राहिलं, एकूण 800 टनांच्या वर. 1956 मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, 1972 ला भारत गोल्ड माइन्स लिमिटेड झाली, आणि मग सोनं कमी, खोली जास्त, खर्च त्याहून जास्त असं होत होत कुलूप लागलं.

खोली किती, तर चॅम्पियन रीफ खाण साधारण 3.2 किमी खाली गेली होती. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवून उलटी जमिनीत खुपसली तर जवळपास तेवढं. तिथे खाली दगडच 60 डिग्रीच्या वर तापलेला असायचा, थंड हवा वरून सोडायला लागायची. आणि एवढ्या खाली दाबाने खडक स्वतःच फुटायचा, बॉम्बसारखा, त्याला रॉकबर्स्ट म्हणतात, त्यात माणसं जायची. जी वाचली त्यातल्या कित्येकांना दगडाच्या धुळीने फुफ्फुसाचा सिलिकोसिस झाला. हे माहीत असलं की गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना आपण जरा वेगळे बोलतो.

आता जायचं कसं. मुंबई-पुण्याहून येणार असाल तर उद्यान एक्सप्रेसने किंवा कुठल्याही गाडीने बेंगळुरू गाठा, एक रात्र झोप काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे निघा, थेट एका दमात करू नका. कारने ओल्ड मद्रास रोडवरून कोलार आणि तिथून बंगारपेटमार्गे जाता येतं, रस्ता चांगला आहे. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा जाताना ट्रेननेच जा. बंगारपेट जंक्शनपासून मारिकुप्पमपर्यंत सोळा-एक किलोमीटरचा एक फाटा आहे, 1894 मध्ये खास खाणींसाठी टाकलेला, आणि त्यावर बेंगळुरूहून थेट लोकल पॅसेंजर गाड्या जातात. टायमिंग बदलत असतात त्यामुळे आदल्या दिवशी अॅपवर चेक करा. एक गंमत लक्षात ठेवा, खाणी बंद झाल्यापासून इथली हजारो माणसं रोज पहाटे बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परत येतात. म्हणजे सकाळी तिकडून इकडे येणारी गाडी आपल्या विरार लोकलसारखी आणि तुम्ही उलट्या दिशेने जाणार, त्यामुळे आरामात खिडकी. परत येताना मात्र दुपारची किंवा संध्याकाळची बेंगळुरूकडे जाणारी धरा, तीही उलटीच असते.

बंगारपेट सोडलं की गाडी हळू होते आणि स्टेशनांची नावं बघत राहा, कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम. ही नुसती स्टेशनं नाहीत, चॅम्पियन आणि ऊरगाम ही थेट खाणींची नावं. बरेच लोक मध्येच उतरून रिक्षा शोधतात, तुम्ही तसं करू नका, शेवटच्या मारिकुप्पमपर्यंत जा. तिथे रूळ संपतात. तिथून रिक्षा ठरवून उलटं मागे यायचं, मारिकुप्पम, मग चॅम्पियन रीफ, मग ऊरगाम आणि शेवटी रॉबर्टसनपेटच्या बाजारात जेवायला. असं केलं की गाव तुमच्यासमोर क्रमाने उलगडतं आणि शेवटी पोटही भरतं. रिक्षावाल्याला आधीच सांगा की तीन तास लागतील, मध्ये मध्ये थांबायचंय, आणि पैसे बसायच्या आधी ठरवा. रिक्षावाल्याला "अण्णा" म्हणायचं. हिंदी थोडीफार चालते, पण गाव मुळात तमिळ आहे कारण खाणकामगार बहुतेक तमिळ भागातून आणलेले, बाजारात तेलुगू आणि सरकारी पाट्या कन्नडमध्ये. वयस्कर माणसाला "ताता" म्हणा, म्हणजे आजोबा. आपल्याकडच्या तात्यांसारखंच वाटतं आणि समोरचा लगेच हसतो.

मारिकुप्पमला उतरल्यावर मराठी माणसाने एक मिनिट थांबावं असं मला वाटतं, आणि हे कुठल्या ट्रॅव्हल व्हिडिओत सांगत नाहीत. इथले बरेच खाणकामगार दलित होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, म्हणजे नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी, तमिळ बौद्ध विचारवंत अयोथी थास यांच्या विचारांमुळे इथे मारिकुप्पममध्ये बौद्ध संघटना उभी राहिली होती. पुढे आंबेडकरी राजकारणही इथे रुजलं, रिपब्लिकन पक्षाचे आमदार या मतदारसंघातून निवडून आलेत. वस्तीत बाबासाहेबांचा फोटो तमिळ अक्षरांखाली दिसला की मला तरी लांब आल्यासारखं वाटेनासं झालं.

मग रस्त्यावरून दिसतात ते शाफ्टवरचे (शाफ्ट म्हणजे खाणीत उतरणारी खोल उभी विहीर) लोखंडी मनोरे, वर मोठं चाक असलेले. त्या चाकावरून दोर जायचा आणि त्याला लटकलेला केज म्हणजे पिंजरा माणसांना खाली न्यायचा. रस्त्यावरून फोटो काढा, कुंपण ओलांडू नका. हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये (ती पण आहेच), खाली सगळं पोखरलेलं आहे, जुने शाफ्ट कुठे उघडे आहेत ते झुडपात कळत नाही. ड्रोन उडवायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

मनोऱ्यांच्या आजूबाजूला कामगारांच्या लांबच लांब चाळी, त्यांना इकडे "लाईन" म्हणतात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल, काम गेलं पण माणसं त्याच खोल्यांमध्ये. आणि जरा पुढे गेलं की एकदम इंग्रज साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च. याच्यामुळेच केजीएफला "लिटल इंग्लंड" म्हणायचे, म्हणणारे अर्थात लाईनीत राहणारे नव्हते. घरांचे फोटो काढायच्या आधी विचारा. विचारलं तर नुसती परवानगी नाही, आत बोलावून चहा मिळतो आणि एखादे ताता सुरू झाले की दोन तास कुठे जातात कळत नाही. एका तातांनी मला केजमधून खाली जाताना कान कसे बंद व्हायचे ते गाल फुगवून करून दाखवलं होतं, तो सगळ्या ट्रिपचा हायलाइट.

आणखी दोन गोष्टी कानात ठेवा आणि फिरा. एक, इथे वीज 1902 मध्ये आली, कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून 92 मैल तारा टाकून, बेंगळुरू शहरात दिवे लागायच्या तीन वर्षं आधी. खाणीला पंप आणि केज चालवायला हवी होती ना, गरज तिथे वीज. दोन, ज्या चॅम्पियन रीफमध्ये सोनं काढत होते त्याच खाणीत साधारण 2.3 किमी खाली आपल्या कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या लोकांनी, जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमवाल्यांबरोबर, यंत्रं मांडली आणि 1965 मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पकडले. जगात पहिल्यांदा हे जमलं त्या दोन ठिकाणांपैकी हे एक, दुसरं दक्षिण आफ्रिकेतली सोन्याची खाण. एवढं खाली का, तर वरचा खडक बाकीचे सगळे कण अडवतो आणि न्यूट्रिनो तेवढा आरपार येतो. आता वर तिथे बघण्यासारखं काही नाही, पण मुलं बरोबर असतील तर त्या मनोऱ्याकडे बोट दाखवून सांगा, मुलांना सोन्यापेक्षा हे जास्त आवडतं असा माझा अनुभव.

आता त्या टेकड्या. गावाच्या कडेने पांढरट-राखाडी, सपाट माथ्याचे डोंगर दिसतील, पावसाने उभ्या घळी पडलेले. लोकांना वाटतं निसर्ग. निसर्ग नाही, ते सायनाइड डंप. सोन्याचा दगड पीठ होईपर्यंत कुटायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून घ्यायचं आणि उरलेला गाळ टाकून द्यायचा, 120 वर्षांचा गाळ म्हणजे हे डोंगर, तीनेक कोटी टनांच्या आसपास. सिनेमानंतर इथे रील काढायला झुंबड उडते. वर चढू नका. सायनाइड ऊन-पावसात बऱ्यापैकी विघटित होतं हे खरं, पण ती धूळ अत्यंत बारीक सिलिकाची आहे, वारा सुटला की नाका-डोळ्यांत जाते, आणि इथल्या लोकांना ती रोज खावी लागते, आपण मुद्दाम उडवायला कशाला जायचं. रस्त्यावरून संध्याकाळी पाचनंतर बघा, उतरतं ऊन पडलं की सोनेरी होतात. फोटो तिथूनच चांगला येतो. मास्क आणि गॉगल बॅगेत असू द्या.

राहायचं कुठे? केजीएफमध्ये साधी लॉज आहेत, फॅमिली असेल तर कोलार शहरात राहा, 30 किमीवर आहे आणि दुसऱ्या दिवसाच्या दृष्टीने तेच सोयीचं. गावापासून जवळ कम्मसंद्रला कोटिलिंगेश्वर आहे, 108 फुटी शिवलिंग आणि आजूबाजूला अक्षरशः लाखो छोटी लिंगं, आई-बाबा बरोबर असतील तर टाळता येणार नाही, सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी भयंकर.

दुसरा दिवस डोंगरांचा, आणि खरं सांगू का, मी आता केजीएफपेक्षा याच्यासाठी जास्त जातो. कोलारला लागून शतशृंग डोंगर आहे आणि त्याच्या पोटात अंतरगंगे. सहा-साडेसहाला पायथ्याशी पोचा. पायऱ्या चढून गेलं की काशी विश्वेश्वराचं देऊळ आणि दगडी नंदीच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार. आजूबाजूचा सगळा कोलार जिल्हा पाण्यासाठी बोअरवेल खणून खणून थकलेला आणि इथे डोंगरातून पाणी येतंय, म्हणून नाव अंतरगंगे. माकडं आहेत, हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की संपलं, चष्मासुद्धा सांभाळा.

देवळापासून वर गेलं की खरी मजा, प्रचंड गोल शिळा एकावर एक रचल्यासारख्या आणि त्यांच्या फटींमधून गुहा. आपल्याला गुहा म्हटलं की कार्ला-भाजेसारखी कोरलेली लेणी आठवतात, किंवा सह्याद्रीतली कड्याखालची कपार. इथलं प्रकरण वेगळं. हा ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांमधून पाणी शिरून कोपरे झिजून गोल झाले, मधली माती वाहून गेली आणि गोटे तसेच एकमेकांवर टेकून राहिले. त्या गोट्यांमधली रिकामी जागा म्हणजे गुहा. काही ठिकाणी पोटावर सरपटावं लागतं, माझ्यासारख्या पोट असलेल्याने आधी विचार करावा. गाईडशिवाय आत जाऊ नका, आतमध्ये वाट फुटते आणि मोबाईलचा टॉर्च पुरत नाही. ग्रिप असलेले शूज, फुल पँट, डोक्याला लावायचा टॉर्च, प्रत्येकी दोन लिटर पाणी. बेंगळुरूचे ग्रुप रात्रीचे ट्रेक करतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसाच जावं. वर पठारावर तेरहळ्ळीसारखी गावं आहेत, रागीची शेतं आहेत, तिथून खाली कोलार दिसतं.

दगडांची आवड असेल तर एक जास्तीची चक्कर सुचवतो. केजीएफजवळ पेद्दपल्लीला ज्वालामुखीतून उडालेल्या तुकड्यांचा खडक आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेला. दिसायला म्हणाल तर माळरानावरचा दगड, घरचे म्हणतील यासाठी आणलंस? पण आपण मराठी माणसं लाव्हाच्या दगडावरच वाढलो, आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, आणि कोलारचा हा पट्टा 270 कोटी वर्षांच्या आसपासचा. उत्तर-दक्षिण 80 किमी लांब आणि रुंदीला जेमतेम तीन-चार किमी अशी ही काळपट चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट, आणि त्या पट्टीतल्या गारगोटीच्या शिरेत सोनं. म्हणून खाणी सगळ्या एका रांगेत आहेत, आणि रेल्वेसुद्धा. नकाशा उघडून बघा, लगेच कळेल.

अंतरगंगे उतरून आलात की कोलार गावात कोलारम्माचं जुनं देऊळ बघा, आत विंचवांची देवी चेलम्मा आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर हा कोलारचा मुलूखही होता, आणि पेशव्यांना ज्याने वर्षानुवर्षं जेरीस आणलं तो हैदर अली जन्मला ते बूदिकोटे इथून जवळच. तिथे मुद्दाम वाट वाकडी करून जाण्यासारखं फार नाही, आमच्या एका इतिहासप्रेमी मामांनी नेलं होतं, मामा खूश, बाकी आम्ही गाडीत.

दुपारनंतर अंगात दम असेल तर अवनी, मुळबागलच्या अलीकडे. पायथ्याशी नोळंब राजांच्या काळातली, साधारण दहाव्या शतकातली राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न यांच्या नावाची शिवाची देवळं एकाच आवारात, आणि वर उघड्या खडकाचा डोंगर, त्यावर सीतेचं देऊळ. लव-कुश इथे जन्मले, वाल्मिकींचा आश्रम इथे होता अशी लोकांची श्रद्धा. चढ तासाभराचा, सावली शून्य. त्यामुळे चार वाजता चढायला लागा आणि अंधार पडायच्या आत खाली या. वरून चारी बाजूंना नुसत्या शिळांच्या टेकड्या आणि मध्ये तळी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, पावसानंतर लगेच गेलात तर तळी भरलेली मिळतात. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, खडक तव्यासारखा तापतो.

दोन्ही डोंगर एका दिवसात पूर्ण करायचा हट्ट नको, लहान मुलं असतील तर अंतरगंगेचं फक्त देऊळ आणि संध्याकाळी अवनी, तरुण मंडळी असाल तर गुहा आणि मग सरळ परत.

खायचं राहिलंच. रॉबर्टसनपेटला दुपारी तमिळ पद्धतीचं जेवण किंवा बिर्याणी, मुळबागलला डोसा, जाडसर, खरपूस, आत लाल चटणी, तो खाल्ल्याशिवाय तिथून निघू नका. आणि ट्रेनने परतत असाल तर बंगारपेटला मुद्दाम एक गाडी सोडा आणि बाहेर पाणीपुरी खा. इथल्या पाणीपुरीचं पाणी पांढरं स्वच्छ असतं, ग्लासातल्या साध्या पाण्यासारखं, ना पुदिन्याचा हिरवा रंग ना चिंचेचा. मी पहिल्यांदा बघून भैयाला म्हणालो अहो मसाला टाकायला विसरलात, तो काही बोलला नाही, नुसती पुरी पुढे केली. पुढची पाच मिनिटं माझ्या डोळ्यांतून पाणी. रोख सुट्टे पैसे ठेवा, गर्दीत यूपीआय कधी कधी अडकतं, आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते पहिली पुरी तोंडात घालायच्या आधी बघून ठेवा.